तिरप्या किरणांची दुर्बीण

उन्हाळ्याच्या रात्री बालाघाटाच्या माळावर, बीड जिल्ह्यातील एखाद्या गावी अंगणात बाज टाकून निजलेल्या माणसास दक्षिणेकडे वृश्चिक रास सहज ओळखू येते. नांगी वळवलेला तो विंचू आणि त्यातील तांबूस ज्येष्ठा! ज्येष्ठेच्या काहीशी उत्तरेस एक तारा आहे. तो इतका मंद आहे की, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. परंतु वातावरणाच्या वर गेलो असतो आणि आपल्या डोळ्यांना क्ष-किरण दिसत असते, तर सूर्याखालोखाल तोच बहुधा सर्वांत ठळक दिसला असता.

असे का व्हावे? लोहाराच्या भट्टीत लोखंड प्रथम लाल होते, अधिक तापले म्हणजे पांढरे दिसू लागते. वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापला म्हणजे तो मुख्यतः क्ष-किरण सोडतो. वृश्चिकेतील तो तारा एकटा नाही, ती जोडी आहे. त्यांपैकी एक अतिशय घट्ट असा न्यूट्रॉन तारा. तो जोडीदाराचा वायू ओढून घेतो आणि कोसळता कोसळता तो वायू भयंकर तापतो.

हे किरण वातावरणात वरच्या वर शोषले जातात. ते खाली पोचते, तर जीवांस अपायच झाला असता! म्हणून उपकरणच वर न्यावे लागते. जून १९६२ मध्ये रिकार्डो जिआकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतून एक अग्निबाण सोडला. चंद्रावरून क्ष-किरण येतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. सापडला तो हा तारा.

पण दुर्बिणीचा नेहमीचा आरसा येथे निरुपयोगी ठरतो. समोरून आलेले क्ष-किरण त्यात शिरून नाहीसे होतात. बिंदुसरा तलावात दगड सरळ खाली टाकला, तर तो बुडतो. चपटी खापरी पाण्याला घासून जाईल अशी फेकली, तर ती टप्पे घेत जाते. क्ष-किरणांचेही तसेच. गुळगुळीत धातूला ते जेमतेम अंशभर कोनाने घासून गेले, तरच परावर्तित होतात. त्यामुळे हे आरसे ताटासारखे नसून नळकांड्यासारखे असतात. एका नळकांड्यावर किरण फार थोडे पडतात. म्हणून कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे अनेक नळकांडी एकात एक बसवितात.

अशी एक दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. तीत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची ४० नळकांडी असून त्यांवर सोन्याचा मुलामा आहे. सोने शोभेसाठी नव्हे. जड धातूवरून हे किरण चांगले परावर्तित होतात. दोनदा वळून ते दोन मीटरांवरील कॅमेऱ्यात एकत्र येतात. कॅमेऱ्याचा हा ग्राहक उणे ८२ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवावा लागतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाबरोबर ही दुर्बीण सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर गेली.

कॅमेरा प्रत्येक किरणाची ऊर्जा मोजतो. त्यावरून वायू किती तापला आहे, त्यात लोह आहे की सिलिकॉन, हे समजते. स्फोट पावलेल्या ताऱ्यांचे अवशेष असेच अभ्यासले जातात. कृष्णविवर तर स्वतः दिसतच नाही. परंतु जवळच्या ताऱ्याचा वायू त्यात पडू लागला म्हणजे आत जाण्यापूर्वी तो तापून क्ष-किरण सोडतो, आणि तेवढ्यावरून विवराचा ठावठिकाणा लागतो.