अंकली पुलाच्या अलीकडे-पलीकडे

अंकलीच्या पुलावर कोल्हापूर जिल्हा संपतो आणि सांगली जिल्हा सुरू होतो. अलीकडे उदगाव आणि जयसिंगपूर, पलीकडे सांगली-मिरज, थोडं आत पंचगंगेच्या काठी इचलकरंजी आणि पश्चिमेला कोल्हापूर. सगळा टापू पन्नासएक किलोमीटरचा. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर ५ लाख ४९ हजार, सांगली-मिरज-कुपवाड ५ लाख २ हजार, इचलकरंजी २ लाख ८७ हजार आणि जयसिंगपूर पन्नास हजारांच्या आत. बेरीज १४ लाखांच्या जवळ जाते. पण ही बेरीज इथं कुणी करत नाही. कोल्हापूरकर सांगलीला मोजत नाहीत, सांगलीकर मिरजेला आपलं उपनगर समजतात आणि मिरजकर ऐकवतात की सांगली आमच्यातूनच वेगळी निघाली.

हे शेवटचं मात्र खरं. मिरजेच्या पटवर्धन सरदारांच्या घरात वाटणी झाली आणि १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेबांनी मिरज सोडून सांगलीला गादी मांडली. तोवर मोठं गाव मिरजच. किल्ला तिथं, पेठ तिथं, दर्गा तिथं. सांगलीचं शहरपण भाऊबंदकीतून आलं.

मिरजेला दुसरा डाव मिळाला तो रेल्वेमुळं. पुण्याकडून आलेला मार्ग इथून बेळगावकडे गेला, १८९१मध्ये कोल्हापूर संस्थानचा फाटा येऊन जुळला आणि मिरज जंक्शन झालं. जंक्शनमुळं लांबलांबचे पेशंट येऊ लागले. डॉ. वानलेस यांनी १८९४मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलची ख्याती कर्नाटक-गोव्यापर्यंत गेली, मागोमाग दुसरे दवाखाने, औषधांची दुकानं, पेशंटच्या नातेवाइकांसाठी लॉज आणि खानावळी. तंबोरे-सतारी करणारे कारागीर तर आधीपासून होतेच. तरी हे जंक्शन मिरजेला म्हणावं तसं फळलं नाही. गाड्या थांबल्या, माणसं उतरली, दवाखाना झाला की परतली. रेल्वे आली म्हणजे गाव वाढणारच, असं आपण फार सहज धरून चालतो.

जयसिंगपूर हे या सगळ्यांतलं ठरवून वसवलेलं गाव. शाहू महाराजांनी कागलकर जयसिंगराव घाटगे या आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावानं, त्याच कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत ही व्यापारी पेठ वसवली. सरळ रेघेतले रस्ते, काटकोनात गल्ल्या आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. आजही पत्ता विचारला तर ‘आठवी गल्ली’ असं उत्तर मिळतं. आखणी इतकी नेटकी की पुढं शंभर वर्षं तिला कुणी फारसं बिघडवू शकलं नाही. तंबाखूचा व्यापार इथं वाढला आणि अलीकडे दर हंगामाआधी ऊस परिषदेच्या निमित्तानं गावाचं नाव राज्यभर होतं. पण पेठ म्हणून वसवलेलं गाव पेठच राहिलं, आणि मला तरी त्यात काही वाईट दिसत नाही.

खरी नवलाई इचलकरंजीची. घोरपड्यांची जहागीर, रेल्वे नाही (आजही नाही, हातकणंगल्याला जावं लागतं), आणि तरी विसाव्या शतकात सगळ्यांत वेगानं वाढलेलं गाव हेच. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेबांनी या धंद्याला पाठबळ दिलं. तरी खरा जोर चढला स्वातंत्र्यानंतर. १९५६च्या धोरणानं कापड गिरण्यांना नवे माग वाढवायला बंदी झाली, आणि गिरणीत जे विणायचं ते यंत्रमागावर यायला लागलं. गिरणीला कोट्यवधींचं भांडवल लागतं, मागाला एक पत्र्याची शेड आणि वीज पुरते. घराच्या मागच्या सोप्यात चार माग टाकून माणूस मालक व्हायचा. १९६१ला गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती, १९८१ला सव्वा लाखाच्या पुढं गेली. १९८२च्या मुंबईतल्या गिरणी संपामुळं आणखी काम इकडं वळलं, आणि १९९१ला आकडा दोन लाखांवर गेला.

हे माणसांचं येणं गल्ल्यांत पाहायला मिळायचं. आधी आजूबाजूच्या खेड्यांतले, मग सीमेपलीकडचे कन्नड बोलणारे, पुढं बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातले कामगार. एका शेडमध्ये शिरलं की धोट्याच्या खटखटाटात बोलणं ऐकू येत नाही. मजुरी ‘पिकावर’ ठरते, म्हणजे कापडात आडवे धागे किती त्यावर, आणि पिकाच्या दरातल्या पैशा-दोन पैशांसाठी गावानं मोठमोठे संप पाहिले. बहुसंख्य मागवाले ‘खर्चीवाले’, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याच्या वाट्याला फक्त विणण्याची मजुरी. वीज बिल वाढलं की पहिला फटका याला बसतो. भरभराटीचं श्रेय जसं छोट्या मागाला जातं, तसं तिच्या ठिसूळपणाचं कारणही तोच. पुढं बिनधोट्याचे शटललेस माग आले, ज्यांना परवडलं त्यांनी घेतले, बाकीच्यांचे साधे माग भंगारात गेले. १९९१ ते २००१ या दशकात गाव सुमारे २० टक्क्यांनी वाढलं होतं, पुढच्या दशकात ही वाढ ११-१२ टक्क्यांवर आली. महापालिका झाली ती त्यानंतर, २०२२मध्ये.

सांगलीचं बस्तान हळदीवर बसलं. आसपास हळद पिकवणारे तालुके होतेच, पण सौद्याचं गाव सांगली झालं ते साठवणीमुळं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणलेली. तोंड अरुंद, आत पोट मोठं. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं, आणि भाव येईपर्यंत वर्षानुवर्षं निवांत. २००५च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि ही पद्धत जवळजवळ मोडली. जोडीला वसंतदादांचा साखर कारखाना, विलिंग्डन आणि वालचंद कॉलेज. या कॉलेजांमुळं सांगली-मिरज रस्त्यावरचा विश्रामबाग वसला आणि दोन गावांमधली शेतं एकेक करून भरत गेली. जुनं स्टेशन गेलं, नवं लांब झालं. स्टेशन चौक मात्र नाव टिकवून आहे. १९९८मध्ये कुपवाडसह तिघांची एक महापालिका झाली, पण सांगलीकर अजून ‘मिरजेला जाऊन येतो’ असंच म्हणतो.

मग वेग मंदावला, तो सगळीकडेच. २००१ ते २०११मध्ये कोल्हापूर शहर ११ टक्के वाढलं, सांगली-मिरज १५ टक्के, आणि महाराष्ट्र १६ टक्के. म्हणजे राज्याच्या सरासरीपुढं यातलं कुणीच गेलं नाही. शुक्रवारी रात्री पुण्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये कोण बसतं ते पाहिलं की निम्मा उलगडा होतो. उरलेला निम्मा हद्दीत आहे. कोल्हापूर १९७२ साली महापालिका झालं, त्यानंतर पन्नास वर्षांत हद्द वाढली नाही. हद्दवाढ म्हटली की गावं रस्त्यावर उतरतात, कारण शहराचा घरफाळा नको आणि शेतीवरची आरक्षणं त्याहून नकोत. २०१७मध्ये ४२ गावांसाठी प्राधिकरण झालं, पण त्याचा जोर कागदावरच अधिक. शहर मोजताना जुन्या हद्दीत मोजायचं आणि घरं बांधायची ती हद्दीबाहेर, असं चालल्यावर शहर वाढलेलं दिसणार कसं?

बेरीज करतं ते पाणी. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्याच आठवड्यात कोल्हापूर, शिरोळ, इचलकरंजीचा काही भाग, सगळे एकाच पुरात. २०२१ला पुन्हा तेच. सांगलीच्या गावभागातली बरीच कुटुंबं तेव्हापासून विश्रामबागेकडे सरकली, आणि जागांचे भाव पूररेषा पाहून ठरायला लागले. उन्हाळ्यात उलटं. पंचगंगेच्या काठावरच्या इचलकरंजीला पंचगंगेचं पाणी पिववत नाही, कारण वरच्या गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी त्यातच येतं, आणि इचलकरंजीच्या कापड प्रोसेस कारखान्यांची घाण पुढं शिरोळ तालुक्यात जाते. २०१२मध्ये गावात काविळीची मोठी साथ आली. मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं, तेही अपुरं. मग सुळकूडहून दूधगंगेचं पाणी आणायची योजना निघाली, तर दूधगंगाकाठचे शेतकरी आडवे आले. आमच्या नदीवर आमचा हक्क, तुम्ही आधी तुमची पंचगंगा साफ करा, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं म्हणवत नाही. आणि टँकरची वाट पाहणाऱ्या इचलकरंजीच्या बाईला हे सांगायचं कसं, तेही कळत नाही. याच मिरजेतून २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं. तीनशे किलोमीटरवर पाणी पाठवायला जमलं, शेजारच्या गावाला द्यायचं म्हटलं की बैठकांवर बैठका.

२०२१ची जनगणना झाली नाही, आता २०२७ची होणार. तिच्यात या शहरांचे आकडे फार मोठे दिसतील असं मला वाटत नाही. वाढ दिसेल ती रस्त्याकडेच्या गावांत. तिथं चारमजली इमारती उभ्या आहेत, खाली शोरूम आहेत, आणि कारभार अजून ग्रामपंचायतीकडे आहे.