समजून घ्या : ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार, पण चौंडकं वाजवणारा जोगता कुठे?

नृसिंहवाडी (जि. कोल्हापूर) : कृष्णा-पंचगंगेच्या या संगमापासून कर्नाटकची हद्द जवळच आहे. सीमाभागात चौंडकं घुमलं की यल्लम्माचे जोगते आले, हे न पाहताच कळतं. अंगावर साडी, कपाळी भंडारा, हाती परडी. काहींना घरच्यांनी नवसापोटी देवीला सोडलेलं, तर काही देहाने पुरुष, मनाने स्त्री. सगळ्यांना सरसकट ‘तृतीयपंथी’ म्हणणं चुकीचंच.

चौंडक्याच्या एका तोंडाला कातडं, त्यातून ओवलेली तार. तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो.

‘जोगवा’ने (२००९) हे जग पडद्यावर आणलं. कोल्हापूर जिल्ह्यातलेच लेखक राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा त्याला आधार. उपेंद्र लिमये यांना अभिनयाचा, अजय-अतुल यांना संगीताचा, हरिहरन व श्रेया घोषाल यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणी घरोघरी वाजली. अनेक जोगते मात्र अजून दारोदारच मागतात.

कर्नाटकात चित्र थोडं बदललं. मंजम्मा जोगती २०१९ मध्ये तिथल्या जनपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. २०२१ मध्ये पद्मश्री घेताना त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला.