टेरीचा हिशेब

टेरी फॉक्स म्हटले की एकच छायाचित्र आठवते. कुरळ्या केसांचा पोरगा, उजवा पाय कृत्रिम, लंगडी घातल्यासारखा हमरस्त्यावरून धावतो आहे. मला मात्र त्याआधीच्या सोळा महिन्यांचे नवल अधिक वाटते.

टेरी कॅनडातल्या व्हँकूवरजवळच्या पोर्ट कोक्विटलमचा. चणीने लहान, पण बास्केटबॉलचे वेड! आठवीत अख्ख्या हंगामात त्याला मिनिटभरच खेळायला मिळाले. हा हटला नाही. बारावीत शाळेतल्या उत्तम खेळाडूचा मान त्याने मित्र डग ऑल्वर्डबरोबर वाटून घेतला.

मार्च १९७७. वय अठरा. गुडघा दुखतो म्हणून दाखवायला गेला आणि हाडाचा कर्करोग निघाला. पाय गुडघ्याच्या वरून कापला. पुढे सोळा महिने केमोथेरपी. केस गेले. ते चालू असतानाच, दोनेक महिन्यांत, रिक हॅन्सनने त्याला चाकाच्या खुर्चीवरच्या बास्केटबॉलला बोलावले. हा गेला! तळवे सोलवटेपर्यंत खुर्ची ढकलायचा. पुढे त्याच्या संघांनी तीनदा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

आपल्याकडे अशा मुलाला घराबाहेर पाऊल टाकू दिले असते का? मी तरी दिले नसते.

त्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितलेले एक गणित त्याच्या मनात राहिले. वाचण्याची शक्यता पन्नास टक्के. दोनच वर्षे आधी हा आजार झाला असता, तर पंधरा टक्के! मधला फरक संशोधनाचा होता, आणि संशोधनाला पैसा लागतो. जन्मभर बँकेत आकडे पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे चटकन कळते. त्याला वॉर्डात, शेजारच्या खाटांवर हसू विसरलेली माणसे पाहून कळले.

१२ एप्रिल १९८० ला सेंट जॉन्सहून तो निघाला. सोबत डग गाडी हाकत होता. रोज जवळपास मॅरेथॉनएवढी मजल. पुढे त्याने मागणी ठरवली, प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. १ सप्टेंबरला थंडर बेजवळ खोकला आणि छातीतल्या कळांनी त्याला थांबवले. रोग फुप्फुसांत उतरला होता.

पुन्हा केमोथेरपी सुरू झाली. फेब्रुवारी १९८१ मध्ये जमा रक्कम २ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख. माणशी एक डॉलर भरला होता, आणि ते पाहायला तो होता. २८ जूनला गेला. तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.