नेलपॉलिश, वुजू आणि वॉर्ड

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर भागातल्या आपल्या काही मुली नर्सिंग शिकत आहेत, काही ड्युटीवर आहेत. ईद किंवा घरातलं लग्न झालं की प्रश्न येतोच: नखांना रंग लावून वॉर्डात गेलं तर काय बिघडतं?

नेलपॉलिशच्या थरामुळे पाणी नखापर्यंत पोहोचत नाही, म्हणून वुजू होत नाही, हे आपल्या घरांत लहानपणापासून सांगितलं जातं. त्यामुळे बऱ्याच मुली नमाज माफ असलेल्या दिवसांतच पॉलिश लावतात. पण वॉर्डात तशी सवलत नाही. पेशंटला जंतूंचा धोका महिन्याचे तीसही दिवस असतो.

हातावरचे सर्वात जास्त जंतू नखांच्या खालच्या भागात असतात. ताजं, अखंड पॉलिश असेल तर जंतू वाढतात, असं संशोधनात स्पष्ट दिसलेलं नाही. पण तीन-चार दिवसांत ते टवके उडून निघू लागतं. त्या खाचांत जंतू टिकतात आणि हात धुऊनही नीट निघत नाहीत. शिवाय गडद रंगाखाली नखातला मळ दिसत नाही. म्हणूनच अनेक हॉस्पिटलं पॉलिशला सरळ मनाई करतात.

चिकटवायची नकली नखं त्याहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शनात पेशंटला हात लावणाऱ्यांनी ती वापरू नयेत आणि स्वतःची नखं अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवावीत, असं सांगितलं आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा इथे 1997-98 मध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात स्युडोमोनास जंतूची साथ आली. 46 बाळांमध्ये तो जंतू सापडला, त्यातली 16 दगावली. तपासात नर्सच्या लांब आणि नकली नखांशी या साथीचा संबंध असल्याचं दिसलं.

आपल्याकडे कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय असो की चौकचं ग्रामीण रुग्णालय, तिथे आदिवासी वाड्यांतूनही बाळंतिणी येतात. कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर तो फार लवकर जिवावर बेततो.

‘हातमोजे घालतो की!’ असं कुणी म्हणेल. पण लांब नखाने मोजा फाटतो, आणि मोजे काढतानाही हाताला जंतू लागतात. म्हणून मोज्यांनंतरही हात धुवायचेच, साबणाने 40 ते 60 सेकंद. ‘पाणी झिरपतं’ म्हणून विकलं जाणारं पॉलिश वुजूला चालतं का, ते आलिमांना विचारावं. वॉर्डात तोही थरच आहे आणि त्याचेही टवके उडतात.

मेहंदीचं वेगळं आहे. ती त्वचेत रंग भरते, नखावर थर करत नाही. मात्र केमिकलच्या कोनमुळे हाताला पुरळ किंवा फोड आले, तर ड्युटीआधी इन्चार्ज सिस्टरला सांगावं.

नखं कापणं आपल्याकडे फितरतमध्ये गणलं जातं. चाळीस दिवसांपेक्षा जास्त काळ ती वाढू देऊ नयेत, असं हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. पण ही शेवटची मुदत झाली. नर्सने दर जुम्म्याला नखं कापलेली बरी.

घरच्यांनीही साथ द्यावी. लग्नात मुलीच्या नखांना हौसेने रंग लावला असेल, तर ड्युटीच्या आदल्या रात्री तो काढायची आठवण अम्मीनेच करावी. आणि दवाखान्यात नवं बाळ पाहायला जाताना आपणही नखं कापून, हात धुऊन मगच त्याला उचलावं.