बर्फावरची गाडी आणि तिचं ॲव्हरेज

मंडळी, कवी माणूस आज क्लचवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण गझल लिहिणारा आयुष्यभर वजनच मोजत असतो, आणि आजचा विषयही वजनाचाच आहे.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए नावाचे एक कारागीर होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा लहानगा मुलगा अपेंडिक्सने दगावला. रस्ते बर्फाने बंद होते, दवाखाना गाठता आला नाही. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचा ध्यास त्यांनी पुढे सोडला नाही. १९५९ साली त्यांची स्की-डू ही छोटी गाडी बाजारात आली. आज आपण जिला स्नोमोबाइल म्हणतो, तीच ही.

या गाडीला गिअर नसतात. आपल्या गिअरलेस स्कूटरसारख्याच दोन पुली आणि त्यांवर एक रबरी पट्टा. प्रत्येक पुली म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन बश्याच समजा. इंजिनाकडच्या पुलीत स्प्रिंग बश्यांना लांब ठेवते. इंजिन वेगाने फिरलं की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि बश्यांना जवळ ढकलतात. पट्टा वर सरकतो, गाडी जणू वरच्या गिअरमध्ये जाते. मागच्या पुलीतली स्प्रिंग पट्टा आवळून धरते.

आता क्लच जुळवायचा म्हणजे काय, तर ही वजनं आणि स्प्रिंगा बदलायच्या. वजन हलकं झालं, तर इंजिन नुसतंच ओरडतं आणि त्या फेऱ्यांत पेट्रोल जातं. वजन थोडं वाढवलं, की सपाट वाटेवर तोच वेग कमी फेऱ्यांत मिळतो, घर्षण घटतं, ॲव्हरेज सुधारतं. मग भरपूर वजन का घालू नये? कारण चढ आला किंवा बर्फ भुसभुशीत लागला, की इंजिन दबतं. टू-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर-पाइप ठरावीक फेऱ्यांसाठीच बेतलेला असतो. त्या फेऱ्या सुटल्या, की न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडतं. शिवाय पट्टा सैल पडून घसरला, तर पेट्रोलचे पैसे उष्णतेत जातात. पुली हाताला चटका देण्याइतकी तापत असेल, तर जुळणी बिघडली असं समजावं.

उंचीचाही हिशेब आहे. दर हजार फुटांना साध्या इंजिनाची शक्ती सुमारे ३ टक्के घटते. नऊ हजार फुटांवर जवळपास चौथाई शक्ती गेलेली असते. म्हणून डोंगरात जाणारे वजन कमी करून घेतात. मैदानातली जुळणी डोंगरात चालत नाही.

हे सारं हौशी लोकांचं वेड वाटेल. पण तसं नाही. उत्तर फिनलंडमधल्या सामी रेनडिअरपालकांकडे १९६० च्या दशकात या गाड्या आल्या. पेर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ च्या आपल्या पुस्तकात त्याचा परिणाम नोंदवला. गाडी ओढणारं रेनडिअर रानातला चारा खाऊन जगत होतं. यंत्राला मात्र रोख पैशाचं पेट्रोल लागलं. ज्यांना तो खर्च झेपला नाही, ते या धंद्यात मागे पडले. अशा माणसाला लिटरमागे दोन-चार किलोमीटर जास्त मिळाले, तर ती बचत त्याच्या चुलीपर्यंत पोचते. आणि ओसाड बर्फात टाकी संपली, तर प्रश्न पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

आपल्या स्कूटरमध्ये वजनाच्या जागी छोटे रोलर असतात. ते झिजून चपटे झाले, किंवा पट्टा झिजून अरुंद झाला, की वरचा गिअर पूर्ण लागत नाही, आणि त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. तेव्हा स्कूटरचं ॲव्हरेज पडलं, तर नुसतं इंजिन तपासून थांबू नका. मेस्तरींना सांगा, ‘भाऊ, जरा पट्ट्याची बाजूही उघडून बघा.’