मोळी मोजली, बाई वगळली

घरकामाची किंमत काढता येत नाही, म्हणून ते जीडीपीत धरत नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. पण शेतकऱ्यानं घरच्या पोटाला ठेवलेली ज्वारी बाजारात जात नाही, तरी ती धरली जाते. स्वतःच्या घरात राहणारा माणूस स्वतःलाच भाडं देतो असं मानून त्या भाड्याची रक्कमही अंदाजानं मिळवतात. भाड्याचा अंदाज जमतो, मग स्वयंपाकाचा का जमू नये?

संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा प्रणालीतच याचं उत्तर आहे. मोजणी अवघड, हे एक कारण आहेच. शिवाय घरच्यांसाठी केलेली कामं उत्पादनात घेतली, तर जवळजवळ सगळेच प्रौढ कामकरी ठरतील आणि बेकारीच्या आकड्याला अर्थ उरणार नाही, असंही तिथे म्हटलं आहे. धोरण आखणाऱ्यांना तो आकडा हवा, म्हणून रेघ चुलीच्या अलीकडे. यात कटकारस्थान नाही. गरज मात्र कुणाची तरी आहे.

या व्याख्या शास्त्रानं कायमच्या ठरवून दिल्या आहेत, हाही भ्रमच. अठराव्या शतकात फ्रान्सचा अर्थतज्ज्ञ केने फक्त शेतीला उत्पादक मानी, कारागीर त्याच्या लेखी वांझ. ॲडम स्मिथनं 1776 मध्ये कारागिरांना आत घेतलं. घरगडी बाहेर ठेवले आणि त्यांच्याबरोबर राजालाही. सोव्हिएत हिशेबात बहुतेक सेवांना जागाच नव्हती. अमेरिकेत राष्ट्रीय उत्पन्न मोजणारा अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स शस्त्रांवरचा खर्च सरसकट धरायला नाखूश होता. दुसऱ्या महायुद्धात सरकारला लढाईचा भार पेलेल का ते पाहायचं होतं, आणि त्याचं म्हणणं मागे पडलं.

आपल्याकडची गंमत वेगळी. सरपण गोळा करणं आंतरराष्ट्रीय नियमानुसार उत्पादन आहे. पण घरकाम सांभाळून घरापुरतं सरपण आणणाऱ्या बाईला आपल्या रोजगार पाहण्या 93 हा संकेतांक देतात आणि श्रमशक्तीबाहेर ठेवतात. ‘घरीच असते’ म्हणणाऱ्यांनी 2024चं वेळ-वापर सर्वेक्षण पाहावं: बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला 289 मिनिटं घालवतात, पुरुष 88.

गृहिणीच्या कामाला भाव लागतो तो अपघात-भरपाईच्या दाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या तक्त्यात न कमावत्या पत्नीचं उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरलेलं होतं. 2010 साली अशाच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं, 2001च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल नाराजी नोंदवली.