जुनी अ‍ॅम्बेसेडर: कॅमशाफ्टआधी टॅपेट उलटून बघा!

१४८९ सीसी पेट्रोल इंजिन खोललंत की आधी टॅपेटचा तळ बघा. तो किंचित फुगीर असतो, कॅमशाफ्टच्या लोबला बारीकसा उतार असतो; म्हणून टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो. तळावर गोल, एकसारखी झळाळी असेल तर उत्तम. सरळ रेघ किंवा खोलगटपणा दिसला, तर टॅपेट फिरायचा थांबलाय आणि लोब खातोय!

मग मायक्रोमीटर. लोबची उंची वजा खालच्या गोलाचा व्यास, म्हणजे लिफ्ट. चारही इनटेक लोब आपसात ताडून बघा, एक्झॉस्टचे वेगळे.

ओतीव बिडाच्या शाफ्टचा कडक थर वरवरचाच असतो. लोबच्या टोकावर खड्डे किंवा ओतकामातली छिद्रं दिसली, तर पॉलिश मारून चालवू नका. आणि नव्या शाफ्टवर जुने टॅपेट कधीच नकोत.